तुम्ही विचारलंत म्हणून : मग इंग्रजीचं काय?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, इतकी वर्षं तुम्ही घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरताय. मग मुलांनी इंग्रजी शिकायचंच नाही का?’ विचारणारे बहुतेक वेळा पालक असतात आणि त्यांची काळजी खरी असते. नोकऱ्या आणि प्रवेशपरीक्षा कुठल्या भाषेत आहेत हे त्यांना दिसतं. त्यांना मी कधीच दोष देत नाही.

शिकायलाच हवं, आणि चांगलं शिकायला हवं. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून गणित, विज्ञान शिकणं वेगळं.

एका वर्गात मागे बसून पाहत होते. मधल्या सुट्टीत शाळेच्या भाषेत धडाधड भांडणारी मुलगी. वाऱ्यावर कपडे लवकर का वाळतात, असं बाईंनी विचारलं तर ‘वारा’ म्हणून गप्प. घरच्या भाषेत विचारल्यावर तिने पाणी कुठे जातं, दमट दिवसात वेळ का लागतो, सगळं सांगितलं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरितांच्या मुलांबद्दल हेच दाखवलं होतं : बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. बोलता येतं म्हणून आपण फसतो, आणि मूल ‘ढ’ ठरतं.

नायजेरियात इफे इथे १९७० साली सुरू झालेल्या प्रयोगात मुलं सहा वर्षं योरुबा या आपल्या घरच्या भाषेतून शिकली, इंग्रजी हा विषय मात्र त्यासाठी तयार केलेल्या शिक्षकांनी शिकवला. तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांच्या तुलनेत ती इंग्रजीतही मागे पडली नाहीत. बहुतेक धोरणं नेमकी इथेच कच खातात. दोन-तीन वर्षं घरची भाषा, मग अचानक उडी. भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय द्यावी, असं सांगणारं कलम ३५०-अ आपल्या घटनेत १९५६ पासून आहे, तेही प्राथमिक टप्प्यापुरतंच. भिली बोलणारे २०११ च्या जनगणनेत एक कोटीच्या वर होते. तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, नाही.

म्हणून प्रवेश घेताना नुसतं माध्यम विचारू नका. घरची भाषा कितवीपर्यंत टिकते आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांना स्वतःला ते किती येतं, हे आधी विचारा.