रेडफिल्डचे फेझंट आणि घरी भरलेली काडतुसं

मिनियापोलिसहून यूएस २१२ धरून पश्चिमेला निघालं की वॉटरटाउन सोडल्यावर वस्ती विरळ होत जाते. मग रेडफिल्ड येईपर्यंत कापलेला मका, उभा मका आणि मधूनमधून पाणकणसाने भरलेल्या दलदली, एवढंच दिसत राहतं. साउथ डकोटातल्या स्पिंक काउंटीचं हे छोटंसं गाव. फेझंट म्हणजे कोंबडीच्या जातीचा, लांब शेपटीचा पक्षी, मूळचा चीनकडचा. इथे तो आणून सोडला, रुजला, आणि १९१९ मध्ये राज्यातला पहिला हंगाम याच काउंटीत एका दिवसापुरता उघडला. आज तो राज्यपक्षी आहे आणि सगळ्यात जास्त शिकार होणाऱ्या पक्ष्यांपैकीही आहे. दोन्हीत इथल्या कोणाला काही विसंगती वाटत नाही.

आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलो: मी, एक जुना मित्र आणि त्याची काळी लॅब्रॅडोर. शिकारीबद्दल सांगेनच, पण मुख्य लिहायचं आहे ते काडतुसांबद्दल, कारण या खेपेला खाजगी शेतावर मी फक्त घरी भरलेली काडतुसं वापरली.

आधी कायद्याचं. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच उरलेला नाही, त्यामुळे हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांपुरतं. त्यातही एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर नीट वाचा. संघीय कायद्याने अशा माणसाला बंदूक आणि काडतूस बाळगायला बंदी आहे. कुठल्या तरी राज्याचा चालू शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘काडतूस’ म्हणजे भरलेलं काडतूसच नव्हे, तर सुटे प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), बंदुकीची दारू आणि पुंगळ्याही (रिकामी कवचं) आल्या. म्हणजे घरी दारूचा डबा आहे आणि परवान्याची मुदत संपली आहे, अशी वेळ येऊ द्यायची नाही. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडथळा नाही. राज्याबाहेरच्यांना साउथ डकोटाचा स्मॉल गेम (छोट्या शिकारीचा) परवाना ऑनलाइन मिळतो. त्यात सलग पाच-पाच दिवसांचे दोन टप्पे निवडायचे असतात. दिवसाला तीन नर, मादीला हात लावायचा नाही, आणि सकाळी दहाच्या आत बार काढायचा नाही.

आता काडतुसं. पैसे वाचावेत म्हणून फेझंटसाठी काडतुसं भरू नका. शिकारीत बार फार थोडे उडतात. प्रेस (काडतूस भरायचं हातयंत्र), वजनाचा काटा, शिसं यांचा खर्च त्यातून निघत नाही. ट्रॅप किंवा स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेमबाजी, खेळणाऱ्यांचं गणित वेगळं. भरण्याचा खरा फायदा असा की आपल्या बंदुकीच्या नळीला कोणता भार मानवतो ते शोधून तोच भार हवा तेवढा करून घेता येतो.

शोधायचं म्हणजे स्वतः बनवायचं नाही, हे मात्र पक्कं. दारू बनवणाऱ्या कंपन्या छापील रेसिपी देतात: अमुक पुंगळी, अमुक प्रायमर, अमुक दारू इतके ग्रेन (वजनाचं बारीक माप), अमुक वॉड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच), इतके औंस छर्रे. यातली एकही वस्तू ‘तशीच दिसते’ म्हणून बदलायची नाही. प्रायमर बदलला तरी दाब वर जाऊ शकतो, आणि बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाला कमाल मर्यादा ११,५०० पीएसआयची (चौरस इंचाला पौंड) आहे. आपल्या हातात निवड असते ती कोणती रेसिपी घ्यायची, एवढीच.

मी सव्वा औंस शिशाच्या दोन रेसिपी घेतल्या होत्या. एकीचा छापील वेग सेकंदाला १,२२० फूट, दुसरीचा १,३३०. मित्राचं मत ठरलेलं. “अरे, शंभर फूट वेग सोडून काय मिळवणार आहेस? तिथे वारा बघितलास ना?” त्याला मी कागद दाखवले.

छर्रे कसे पसरतात ते कागदावर बार टाकून बघतात. या कागदाची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात. निदान चार फूट रुंद कागद, मधे एक ठिपका, चाळीस यार्डांवरून एक बार. मग सगळ्यात दाट जागा मध्यभागी धरून तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं. आधी वर्तुळ आखून त्यावर बार टाकायचा नाही. आतली भोकं मोजायची, प्रत्येक भोकावर पेनाने खूण करत, नाहीतर दोनदा मोजली जातात. एका रेसिपीचे पाच कागद तरी हवेत. एका कागदावर विसंबण्यात अर्थ नाही. पाच नंबरचे शिशाचे छर्रे (नंबर लहान, तसा छर्रा मोठा) औंसाला साधारण १७० भरतात, म्हणजे सव्वा औंसात सुमारे २१२. मॉडिफाइड चोकने (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ; मॉडिफाइड हा मध्यम) यातले साठ टक्के वर्तुळात यावेत, म्हणजे १२७ च्या आसपास. संथ रेसिपी तिथे सहज पोचत होती. वेगवान रेसिपीच्या कागदांवर कडेला भोकं जास्त आणि मधे हाताच्या पंजाएवढ्या मोकळ्या जागा. नळीत जोराचा धक्का बसला की मऊ छर्रे चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. कडक, जास्त अँटिमनी असलेले छर्रे घेतल्यावर फरक कमी झाला, पण गेला नाही. माझ्या नळीत तरी १,२२० ने बाजी मारली. तुमच्या नळीत उलटही होईल. म्हणूनच दुसऱ्याचा निकाल उचलून वापरू नये.

सहा नंबर की पाच? सहाचे औंसाला सुमारे २२५ छर्रे, म्हणजे कागद जास्त भरलेला दिसतो आणि मोह होतो. पण फेझंट बहुधा आपल्यापासून दूर उडत जातो, आणि छर्ऱ्याला मागून पिसं, आतडी ओलांडून आत जावं लागतं. संध्याकाळी ट्रकच्या मागच्या फळीवर पक्षी साफ करताना हे नीट दिसलं. पाच नंबरच्या जखमेत छर्ऱ्याबरोबर पिसाची गुंडाळी आत ओढली गेली होती, ती चिमट्याने धरून ओढली की छर्राही मागोमाग यायचा, छातीच्या हाडाला टेकलेला. मित्राच्या सहा नंबरने पाडलेल्या एका लांबच्या नराच्या पाठीत दोन-तीन छर्रे कातडीखालीच अडकले होते. तो कुत्रीने पळत जाऊन धरला म्हणून मिळाला. कुत्री चांगली नसेल तर पाचच घ्या.

थंडीची चाचणी घेतल्याशिवाय निघू नका. उन्हाळ्यात उत्तम चालणारी रेसिपी गोठणबिंदूखाली ढेपाळू शकते, विशेषतः संथ जळणारी दारू आणि हलका भार असेल तर. काडतुसं पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली, बर्फाच्या पेटीतून रेंजवर नेली आणि गार असतानाच उडवली. आवाज नेहमीसारखा, नळीत न जळलेल्या दारूचा चुरा नाही, मग पास. बार ‘फुस्स’ वाजला तर तिथेच थांबायचं. बंदूक रिकामी करायची, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. वॉड आत अडकलेला असताना दुसरा बार काढला तर नळी फुटते. यासाठी नळीत जाईल अशी लाकडी काठी मी ट्रकमध्ये ठेवतो.

प्रेसबद्दल दोनच गोष्टी. बुशिंगच्या (प्रेसमधल्या दारू मोजणाऱ्या नळकांड्याच्या) तक्त्यात दिलेलं दारूचं वजन खरं मानू नका. बहुतेक वेळा प्रत्यक्षात कमी पडते, आणि हँडल ओढायची लय बदलली की वजनही बदलतं. काट्यावर तोलायचं, आणि मधूनमधून पुन्हा तोलायचं. दुसरं, भरलेलं प्रत्येक काडतूस निघण्याआधीच बंदुकीच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खाचेत) घालून बघायचं, अर्थात घराबाहेर जाऊन, सुरक्षित दिशेला नळी करून. पितळी बूड नीट दाबलं गेलं नसेल तर ते पंप बंदुकीत (हाताने पुढे-मागे सरकवून भरायच्या) अडकतं, आणि अडकतं ते नेमकं नर समोरून उठल्यावर. शिकारीसाठी मी एकदाच उडालेल्या पुंगळ्या घेतो. तोंडाला चिरा गेलेल्या सरळ कचऱ्यात.

शेतावर पहिल्या दिवशी वारा उत्तरेचा होता. मालकाने सांगितलं, की मक्याच्या पट्ट्यात वाऱ्याविरुद्ध चाला आणि शेवटच्या वीस यार्डांत पाय हळू करा. तसंच झालं. पट्टा संपत आला तशी कुत्रीची शेपटी वेगाने हलायला लागली, आणि एकदम तीन-चार पक्षी उठले. आधी माद्या. मग नर, कर्कश ओरडत, लांब शेपूट मागे सोडून. मित्राने “रूस्टर!” अशी आरोळी दिली; ती द्यायचीच असते, कारण उन्हाकडे उडणाऱ्या पक्ष्याचा रंग दिसत नाही. बहुतेक बार तीस यार्डांच्या आतले होते, तिथे संथ रेसिपी कुठेही कमी पडली नाही. मित्राने संध्याकाळी माझ्याकडची एक पेटी मागितली. दिली नाही. त्याची बंदूक वेगळी, नळी वेगळी, आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस वापरू नये हा नियम मैत्रीपेक्षा मोठा.

बहुतेक सरकारी जमिनींवर मात्र शिसं चालत नाही. वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या संघीय जमिनी) आणि राज्याच्या गेम प्रॉडक्शन एरिया (शिकारीच्या प्राण्या-पक्ष्यांसाठी राखलेल्या), दोन्हींत बिनविषारी छर्रेच हवेत. वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात तर शिशाचं काडतूस नुसतं खिशात असलं तरी गुन्हा. तिथे जायच्या आदल्या रात्री आम्ही जाकिटांचे खिसे उलटे करून झटकले. त्या जमिनींसाठी मी दुकानातली स्टीलची काडतुसं नेली. स्टील भरणं हे वेगळंच काम आहे: वॉड वेगळे, दारू वेगळी, आकडे वेगळे, शिशाच्या रेसिपीत स्टील ओतणं म्हणजे नळीची आणि हाताची खैर नाही. स्टील हलकं असल्याने छर्रा दोन पायऱ्या मोठा घ्यायचा, म्हणजे शिशाच्या पाच नंबरऐवजी तीन, आणि चोक एक पायरी मोकळा. जुन्या पातळ नळ्यांत स्टील घालू नये. बिस्मथ हा दुसरा बिनविषारी धातू शिशाच्या जास्त जवळचा आहे, पण त्याच्याही स्वतःच्या रेसिपी असतात.

पेट्यांवर मार्करने ठळक लिहा: धातू, नंबर, भार, तारीख. पुंगळीवर छापलेलं काही उपयोगाचं नाही, कारण त्यावर पूर्वी काय भरलं होतं तेच असतं. सोबत कोणी वीस बोअरवाला असेल तर त्याची पिवळी काडतुसं वेगळ्या जाकिटात. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, आणि मागून बाराचं घातलं तर अनर्थ होतो.

विमानाने जाणार असाल तर दारू आणि प्रायमर कुठल्याच सामानात चालत नाहीत. भरलेली काडतुसं चेक-इन सामानात नेता येतात, पण काही विमान कंपन्या मूळ वेष्टनाचा आग्रह धरतात, तेव्हा आधी विचारा. आम्ही गाडीनेच गेलो. परतताना पक्ष्याचं लिंग ओळखता येईल असा भाग, म्हणजे डोकं, पिसांसकट पंख किंवा पाय, अंगाला तसाच ठेवावा लागतो. आणि डिसेंबरात जाणार असाल तर पक्षी शिकलेले असतात, लांबूनच उठतात. त्या वेळी हेच पाच नंबर पण चोक इम्प्रूव्हड मॉडिफाइड (मॉडिफाइडपेक्षा थोडा आवळ) लावा, आणि त्या चोकचे कागद वेगळे काढून मगच निघा.