तुम्ही विचारलंत म्हणून: बॅनबरीच्या अर्लची मुले खरोखर त्याचीच होती का?

कायद्याच्या वर्गात औरसपणाच्या गृहीतकावर, म्हणजे विवाहात जन्मलेले मूल पतीचेच मानण्याच्या नियमावर, बोलताना मी विल्यम नॉलिस, म्हणजेच बॅनबरीचा अर्ल (अर्ल ही इंग्लंडमधली उमरावाची वंशपरंपरागत पदवी), या इंग्रज दरबारी उमरावाचे प्रकरण नेहमी घेतो, आणि मग वरचा प्रश्न हमखास येतो.

नॉलिसची कारकीर्द मोठी होती. आई कॅथरीन केरी ही एलिझाबेथ राणीची आई अ‍ॅन बोलिन हिची भाची असल्यामुळे एलिझाबेथ राणीशी त्याचे जवळचे नाते होते. तिच्या राजगृहाचा कारभार त्याने सांभाळला, पुढे जेम्स राजाने त्याला व्हायकाउंट (अर्लच्या खालची पदवी) केले आणि १६२६ मध्ये चार्ल्स राजाने बॅनबरीचा अर्ल. पहिली पत्नी वारल्यावर १६०५ मध्येच त्याने सफोकच्या अर्लची मुलगी एलिझाबेथ हॉवर्ड हिच्याशी लग्न केले. ती त्याच्याहून चाळीस वर्षांनी लहान होती.

वादाचे मूळ १६२८ मध्ये सापडते. आधीच्या काही अर्लांच्या वर नॉलिसला मान मिळावा, अशी राजाची इच्छा होती, आणि हा म्हातारा गृहस्थ निपुत्रिक असल्याने सवलत त्याच्या हयातीपुरतीच राहील, असे हाउस ऑफ लॉर्ड्सला, म्हणजे संसदेच्या उमरावांच्या सभागृहाला, सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्याच्या पत्नीला एप्रिल १६२७ मध्येच एडवर्ड हा मुलगा झाला होता. दुसरा मुलगा निकोलस जानेवारी १६३१ मध्ये लॉर्ड व्हॉक्स या दुसऱ्या उमरावाच्या हॅरोडेनच्या घरी जन्मला. मे १६३२ मध्ये अर्ल वारला. मृत्युपत्रात मुलांचा उल्लेख नव्हता आणि विधवेने थोड्याच आठवड्यांत व्हॉक्सशी लग्न केले. वारस कोण हे ठरवण्याच्या १६३३ च्या चौकशीत अर्ल निपुत्रिक ठरला, तर १६४१ च्या चौकशीत एडवर्ड त्याचा मुलगा व वारस ठरला.

एडवर्ड तरुणपणीच मारला गेला. निकोलस १६६० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसला, तेव्हा त्याच्या हक्काला हरकत आली. समितीने १६६१ मध्ये त्याला कायद्याने औरस ठरवले, तरी सभागृहाने निर्णय दिला नाही. त्याचा मुलगा चार्ल्स याच्या हातून १६९२ मध्ये द्वंद्वात मेहुणा मारला गेला, तेव्हा उमराव म्हणून आपला खटला लॉर्ड्सपुढे चालावा असे त्याने मागितले आणि लॉर्ड्सनी तो उमराव नाही असे ठरवले. पण मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी, आरोपपत्रात त्याला अर्ल न म्हणता साधा नॉलिस म्हटल्यामुळे, ते आरोपपत्रच रद्द केले. पुढे लॉर्ड्सनी कारणे विचारली असता, रीतसर अपील समोर नसताना उत्तर देण्यास होल्ट यांनी ठाम नकार दिला. या साऱ्या कथेत मला सर्वांत आदर वाटतो तो या माणसाचा. अखेर १८१३ मध्ये, मूळ अर्लच्या मृत्यूनंतर १८१ वर्षांनी, लॉर्ड्सनी अर्लपदावरचा दावा फेटाळला.

माझे उत्तर असे, की मुले कदाचित व्हॉक्सची असतीलही, पण ती अर्लची नाहीत हे सिद्ध कधीच झाले नाही. पती-पत्नी एकत्र राहत होती, अर्लने मुलांना नाकारल्याची नोंद नाही, आणि मृत्युपत्रातले मौन म्हणजे नकार नव्हे. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये, वैध विवाह कायम असताना जन्मलेले मूल, गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात पती-पत्नींचा संपर्कच नव्हता असे दाखवले नाही तर, निर्णायकपणे औरस मानले जाते. ही कसोटी १६६१ मध्ये लावली असती, तर निकोलसची जागा कोणी हिरावून घेऊ शकले नसते.