गोळ्या, रसद आणि विल्यम स्लिम

ब्रिटिश सेनापतींच्या थोरवीची चर्चा सहसा नेल्सन, वेलिंग्टन आणि माँटगोमेरी या नावांपाशीच घुटमळते. माझ्या लेखी मात्र पहिला मान विल्यम स्लिम यांचा आहे. १९४२ मध्ये जपानी फौजांच्या रेट्यापुढे ब्रह्मदेशातून सुमारे १,४५० किलोमीटर माघार घेत जे सैन्य भारताच्या सीमेवर पोहोचले, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

पुढच्याच वर्षी जपान्यांशी लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याची सूत्रे हाती आली, तेव्हा जपान्यांच्या आधी त्यांना हिवतापाशी लढावे लागले. जखमी होऊन मागे पाठवाव्या लागणाऱ्या एका जवानामागे १२० जवान आजारी पडून परत जात होते. हिवताप रोखणाऱ्या मेपाक्रीनच्या गोळ्या उपलब्ध होत्या, पण जवान त्या घेण्याचे टाळत. म्हणून स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या आणि ९५ टक्क्यांहून कमी जवानांनी गोळ्या घेतल्याचे आढळलेल्या तुकड्यांच्या प्रमुखांना पदावरून दूर केले. अशा तिघांना काढल्यावर बाकीच्यांना काय समजायचे ते समजले. एखादी तुकडी अर्ध्या शिध्यावर आली, की मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांनाही तेवढाच शिधा मिळे. विमानांतून रसद टाकण्यासाठी रेशमी छत्र्या पुरेनात, तेव्हा तागाच्या छत्र्या बनवून घेतल्या गेल्या. या सैन्यातील बहुसंख्य जवान भारतीय होते, आणि गुरखा पलटणीत वाढलेले स्लिम त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत. (साम्राज्य टिकवण्यासाठी लढलेल्या या युद्धात त्या जवानांचे हित किती होते, हा प्रश्न अर्थातच उरतो.)

रसदीची ही जाण वेलिंग्टन यांच्याकडेही होती. १८०३ मध्ये असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढण्यापूर्वीच बैलांच्या तांड्यांवर सैन्य कसे चालते, हे ते भारतात शिकले होते आणि पुढे स्पेनमध्ये खेचरांच्या तांड्यांची व्यवस्था त्यांनी तितक्याच बारकाईने लावली.

स्लिम यांचा मोठेपणा मला सर्वांत जास्त जाणवतो तो त्यांनी लिहिलेल्या आठवणींत. १९४४ मध्ये कोहिमावर फार तर एखादी रेजिमेंट चालून येईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तिच्या कितीतरी पट मोठी, संपूर्ण जपानी डिव्हिजन आली. ही चूक त्यांनी आडपडदा न ठेवता स्वतःच्या माथी घेतली आणि निभावल्याचे श्रेय कोहिमाच्या शिबंदीला दिले. नेदरलँड्समधील आर्नहेमचा पूल काबीज करण्यात अपयश आल्यानंतरही मोहीम ९० टक्के यशस्वी झाल्याचे सांगणाऱ्या माँटगोमेरी यांना हे क्वचितच जमले.