उंच केलेल्या जीपची थरथर : अमरावती ते चिखलदरा

वलगाव मागे पडलं की परतवाड्यापर्यंत रस्ता बहुतेक सपाट, मधूनमधून संत्र्याचे बगीचे. कमानपाट्यांची जीप दोन-तीन इंच उंच केली असेल, तर तपासायला यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही. पुढे घाटात चढ-उतार मिळतात आणि थरथर कुठून येते ते उघड होतं.

निघण्याआधी चाकं आतल्या बाजूने धुवा. पांदणीतली काळी माती रिमच्या आत वाळून बसते, चाकाचा तोल जातो आणि दोष उगीच शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर येतो.

सपाटीवर वेग तोच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित दाबा, किंचित सोडा. थरथर बदलली नाही तर चाकाचा किंवा शाफ्टचा तोल बघा. घाट चढताना, इंजिन ओढत असताना वाढली आणि पाय काढताच सरली, तर बहुधा शाफ्टच्या सांध्यांचा कोन चुकलाय. उतारावर न्यूट्रल मात्र कधीच करू नका.

क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा, कोनात फिरला की शाफ्ट दर फेऱ्याला दोनदा जलद, दोनदा मंद होतो. ३ अंशांना हा फरक ०.३ टक्क्यांच्या आत असतो, १० अंशांना ३ टक्के. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फेडतो, पण दोन्ही कोन सारखे आणि शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असले तरच. म्हणून शाफ्ट काढण्याआधी रंगाची खूण करायलाच हवी. स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी जोड) एक दात सरकली तरी नवी थरथर सुरू होते.

चिखलदऱ्याला पोचल्यावर सपाट जागी, सामानासकट, चारही चाकांवर उभ्या गाडीचे कोन मोजा. मागची शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) लांब केली की पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जिथे मागच्या ॲक्सलला जोडतो त्या भागाचं, नाक वर उचललं जातं. समजा ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समागची पेटी, जिथून शाफ्ट निघतो) उतार मागे ४ अंश, शाफ्टचा १२, पिनियनचा ७. म्हणजे वरचा क्रॉस ८ अंशांवर, खालचा ५ वर. दोन्ही ८ व्हावेत म्हणून पिनियन ३ अंश खाली आणायला पाटा आणि ॲक्सलच्या मधे ३ अंशांची पाचर लागेल. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर जाड बाजू पुढे, खाली असेल तर मागे. जोर लागला की पाटे पीळ खातात आणि नाक पुन्हा उचलतं, म्हणून मी आणखी एक अंश खालीच ठेवतो. पाचर लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची चिरते. सेंटर बोल्टही (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तेवढा लांब हवा.

तरी ८ अंश जास्तच. लांब पल्ल्याला ट्रान्सफर केस इंचभर खाली घ्यावी. मग फॅन आणि गिअर लिव्हर कुठे घासत नाहीत ना ते पाहून सगळे कोन नव्याने मोजावेत. पुढच्या ॲक्सलला पाचर आंधळेपणाने घालू नका, कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळणाच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) बिघडून स्टिअरिंग भटकतं.

परतवाड्याला उतरल्यावर पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट पुन्हा कसा. पाचर घातल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ते सैल पडतात.