मशीन चालवत का आणत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

माझं मिनी पोकलेन, म्हणजे खणायचं छोटं मशीन, भाड्याने असतं. कामाचा फोन आला की आधी तासाचा रेट विचारतात, तो पटतो. मग येण्याजाण्याचे वेगळे म्हटलं की लगेच, अहो पाच-सहा किलोमीटर तर आहे, चालवत आणा की मशीन, जेसीबीवाला नाही का येत? गिऱ्हाईक विचारतं, भावकी विचारते, लग्नाच्या पंगतीतही विचारून झालंय. दरवेळी घाईत अर्धवट उत्तर देतो आणि समोरच्याला वाटतं हा पैसे काढतोय.

जेसीबीला टायर आहेत, नंबरप्लेट आहे, तो रस्त्याने जायलाच बनवलेला आहे. माझं मिनी पोकलेन साडेतीन टनाचं, खाली चाकांऐवजी रबरी पट्टे, म्हणजे ट्रॅक, फास्ट गिअरला टाकलं तरी तासाला चार-साडेचार किलोमीटर. म्हणजे सहा किलोमीटरला दीड तास, चढ असेल तर जास्तच. आणि तो दीड तास ट्रॅक फिरवणारी मोटर न थांबता चालणार, तिच्या गिअरपेटीचं, फायनल ड्राइव्हचं, ऑइल तापणार, खालचे रोलर तापणार. हे मशीन एका जागी उभं राहून खणायला आहे, चालणं मध्ये मध्ये थोडं. ट्रॅकचं तर विचारूच नका. जमीन चांगली असेल तर हजार-दीड हजार तास जातो, पण आपल्याकडे जांभ्याचा कातळ, कडा निघालेले दगड. एक काप गेला की पाणी आतल्या तारांपर्यंत पोचतं, त्यात आपली समुद्राची हवा, तार गंजते आणि एक दिवस ट्रॅक ऐन कामात तुटतो. नवीन जोडी घ्यायला गेलात की कळेल मी काय बोलतोय.

हो, वाडीतल्या वाडीत मी चालवत नेतो. दोन-तीनशे मीटर, मातीतून. तेवढं पाहून लोक म्हणतात बघा, चालतं की.

सुरुवातीला मीच येण्याजाण्याचे पैसे घेत नव्हतो. नवीन मशीन, डोक्यावर हप्ता, आणि गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधल्या अरुंद वाटेने आत जाणारं मशीन या भागात दुसऱ्या कुणाकडे नाही, तेव्हा आधी काम धरू, लोकांना सवय लावू, असा हिशोब. पैसे घेत नाही म्हणून मिळेल ती भाड्याची गाडी घ्यायची, बहुतेक वेळा टाटाची ४०७, छोटा ट्रक, आणि ती गाडी कागदावर साडेतीन टनाची नाही हे मलाही माहीत होतं आणि गाडीवाल्यालाही. सगळेच तसं करतात. आजही करतात.

तर मे संपत आलेला, हापूसच्या कलमांचे खड्डे मारायचं काम. मीटर बाय मीटर बाय मीटर, वर माती वीतभर आणि खाली कातळ, निम्मे खड्डे ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, लावून काढले. संध्याकाळी ढग आले, वळवाची एक सर पडून गेली, आणि बागवाल्याची घाई की आजच मशीन हलवा, उद्या कलमं उतरवायला टेम्पो येणार. नेहमी आम्ही गाडी मागे घेऊन बांधाला टेकवतो आणि मशीन बांधावरून सरळ गाडीच्या हौद्यात घेतो. तिथे तसा बांध नव्हता. गाडीवाल्याने चढायला स्वतःच्या फळ्या लावल्या. ऑपरेटर झारखंडचा, विशीतला पोरगा, हात एकदम साफ. ट्रॅकमध्ये भरलेली लाल माती त्याने फावड्याने काढली, मी बघितलंय. बूम, म्हणजे मशीनचा हात, पुढे हौद्यावर ठेवून सरळ चढला, फळीवर वळायचं नाही हे त्याला सांगावं लागत नव्हतं. अर्ध्यावर गेला आणि डावी फळी कडकन मोडली.

मशीन डाव्या अंगाला बसलं. गाडीचं तोंड उचललं गेलं, पुढची चाकं जमिनीला नुसती लागून होती. पोराने त्या अर्ध्या सेकंदात बकेट खाली दाबून हौद्याच्या पत्र्यात रुतवलं आणि त्यावर मशीन धरलं. डावा ट्रॅक अधांतरी. तो ओरडला, "सेठ, कोई हिलना मत." इंजिन बंद केलं असतं तरी बकेट जागेवर राहिलं असतं बहुतेक, पण ते करून बघायची छाती कुणाची झाली नाही. बाजूला कंपाउंडसाठी आणलेल्या चिऱ्यांची, जांभ्याच्या घडीव दगडांची, रास होती. आम्ही चौघांनी चिरे वाहून डाव्या ट्रॅकखाली रचत नेले, एकावर एक, ट्रॅक टेकेपर्यंत. अंधार पडला, मोबाइलच्या उजेडात. तेवढा वेळ तो पोरगा लिव्हर धरून बसलेला. मग चिऱ्यांवरूनच मशीन इंच इंच मागे उतरवलं. खाली आल्यावर त्याला बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं. बागवाल्याने विचारलं, आता उशीर झाला त्याचं भाड्यात काही कमी होईल ना?

पोरगा गणपतीत गावी गेला तो परत आला नाही. फोन केला की नीट बोलतो, येतो म्हणत नाही.

आता स्वतःचे लोखंडी रॅम्प आहेत, वजन झेपेल असा आयशर ट्रक सांगतो, हौद्यात बकेट लाकडावर टेकवून ट्रॅक चेनने बांधल्याशिवाय गाडी हलत नाही. याचे पैसे लागतात. तेव्हाचा मी अजून म्हणतो की पैसे घेतले असते तर पहिल्या सीझनला मशीन अंगणातच उभं राहिलं असतं. तो खोटं बोलत नाही, तेव्हाची गिऱ्हाइकंच आजही फोन करतात. पण त्याला त्या पोराच्या बाजूला बसवला असता तर काय म्हणाला असता, माहीत नाही.

एका वाडीतल्या तिघा-चौघांनी मिळून बोलवा, वाहतूक वाटून घ्या, असंही सांगून बघितलं. सगळ्यांना मे महिन्याचा शेवटचा आठवडाच हवा असतो, आणि आधी कुणाचं यावरून वाडीत अबोला धरतात. जमलं तर अजूनही माझी तयारी आहे.

तोवर फोन कराल तेव्हा एवढं सांगा: आयशर कुठपर्यंत येते, गाडी टेकवण्याजोगा बांध आहे का, वर विजेच्या तारा आहेत का. बांध असेल आणि जागा सपाट असेल तर येण्याजाण्याचं भाडं कमी घेतो, ते घ्यायला लागल्यापासूनच.