दिवाळी सेल, ड्रिल मशीन आणि उद्यमनगरातला भाव

नवरात्र बसलं की माझ्या मोबाइलवर ड्रिल मशीनच्या जाहिराती चालू होतात. ॲमेझॉनचं ग्रेट इंडियन फेस्टिव्हल, फ्लिपकार्टचे बिग बिलियन डेज, सगळं ह्याच टायमाला, आणि एकदा का तुम्ही सहज म्हणून एखादा ग्राइंडर (स्वयंपाकाचा नव्हे, लोखंड कापायचा-घासायचा) उघडून बघितला की संपलं, मग बातम्या वाचताना पण मध्येच ग्राइंडर. त्यात आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्या-वर्कशॉपच्या भागात, चक्कर मारली तर लेथपासून वेल्डिंग मशीनपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, मग माणसाला वाटतंच की आपल्या पण घरात एक मशीन पायजे. दसरा चौकातनं सोनं लुटून घरी आलं की आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना काहीतरी घ्यायचंच असतं. माझ्याकडं दोन-चार मशीनं आहेत म्हणून मला विचारत येतात, "भावा, हे बघ की, साठ टक्के ऑफ दाखवतंय, घेऊ काय?"

तर ते साठ टक्के आधी बघू.

पॅकबंद मालावर एमआरपी छापायलाच लागते, सगळे कर धरून, २०११ चे लीगल मेट्रोलॉजीचे नियम आहेत तसे. पण छापायचा आकडा कंपनीच्या हातात, आणि पॉवर टूलच्या धंद्यात तो एवढा वरचा असतो की त्या भावानं वर्षभरात कुणी मशीन विकत नाही की कुणी घेत नाही. मे महिन्यात काउंटरवर गेलात तरी दुकानदार एमआरपीच्या लई खालचाच भाव सांगणार. त्यामुळं सेलमधली सूट मोजायची असेल तर एमआरपीपासनं मोजू नका, तेच मॉडेल गेल्या महिन्यात कितीला होतं तिथनं मोजा. मॉडेल नंबर पूर्ण बघायचा, शेवटच्या अक्षरासकट, कारण एका अक्षरानं चकची, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याची, साइज बदलते, स्पीड कंट्रोल आहे का नाही ते बदलतं, कधी नुसतं खोकं बदलतं आणि आत ॲक्सेसरी वाढतात. तो नंबर कागदावर लिहायचा आणि उद्यमनगरात किंवा लक्ष्मीपुरीत दोन दुकानात फक्त भाव विचारायचा. घ्यायचंच असं काही नाही. बऱ्याचदा फरक दीड-दोनशे रुपयांचा निघतो, आणि तेवढ्यासाठी मशीन पुठ्ठ्यात आदळत-आपटत येऊ द्यायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी दुकानातनं घेतो, समोर प्लगला लावून चालवून बघता येतं, चक डगमगतंय का बघता येतं, बेअरिंगचा आवाज ऐकता येतो.

दुकानात एक प्रश्न हमखास येतो, "बिल पायजे की असंच?" पॉवर टूलवर जीएसटी १८ टक्के, म्हणजे बिगरबिलाचा भाव ऐकायला गोड लागतो. पण बिल नाही तर वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटरवाला पहिलं बिलच मागतो आणि सिरियल नंबर जुळवतो. आणि ज्याचा स्वतःचा जीएसटी नंबर आहे, फॅब्रिकेशनवाला असेल, फर्निचरवाला असेल, त्याला तर ह्या १८ टक्क्यांचं क्रेडिट परत मिळतंय, त्यानं बिगरबिलाचं मशीन घेणं म्हणजे स्वस्ताच्या नादात महाग घेणं. ऑनलाइन घेताना पण बिलावर विकणारा कोण आहे ते वाचा, ॲप मोठं असलं तरी विकणारा भलताच कुणीतरी असतो.

आता खरी गंमत कॉर्डलेसमध्ये, म्हणजे बिनवायरच्या बॅटरीवाल्या मशीनमध्ये आहे, कारण जाहिरातीत सगळ्यात जास्त फसवाफसवी व्होल्टची असते. एकावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० व्होल्ट मॅक्स, तिसऱ्यावर २१ व्होल्ट, आणि लोक म्हणणार २१ वालं जास्त पॉवरचं, सेलमध्ये तेच घेऊ. अरे तिन्हीच्या बॅटरीत पाचच सेल (विक्रीचा सेल नव्हे, आतल्या छोट्या बॅटऱ्या) असतात बाबा. लिथियमच्या एका सेलचा कामातला व्होल्टेज ३.६ धरतात, पाचाचे झाले १८. फुल चार्ज केल्यावर तोच सेल ४.२ ला जातो, पाचाचे झाले २१. आणि २० हा मधला आकडा, ४ गुणिले ५. तसंच १२ व्होल्टवाल्यात तीन सेल, म्हणजे खरं १०.८. आणि ते काळ्या पेटीतले बिगरनावाचे सेट येतात बघा, बॅटरीवर मोठ्या अक्षरात ४८ किंवा ९८ आणि पुढं बारीक काहीतरी अक्षरं, तो आकडा व्होल्टचा आहे असं समजू नका, आत पाच सेल असतील तर ते १८ चंच मशीन आहे, बाहेर काय पण छापू दे. बघायचं ते ॲम्पिअर अवर, थोडक्यात एएच, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर, ४ एएच म्हणजे ७२. सेलमध्ये स्वस्त दाखवलेल्या किटात बहुतेक दीड-दोन एएचची बॅटरी असते आणि ग्राइंडरला ती लावली की चार कट मारेपर्यंत बसली.

त्याच्या पण पुढची गोष्ट म्हणजे 'बेअर टूल'. फोटोत मशीन झक्कास दिसतंय, भाव बघून डोळे चमकतात, ऑर्डर करतो, आणि खोक्यात बॅटरी पण नाही आणि चार्जर पण नाही. फसवलं असं म्हणता येत नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय. बॅटरी-चार्जर वेगळं घ्यायला गेलं की मशीनपेक्षा ते महाग पडतं. ज्याच्याकडं त्याच कंपनीच्या, त्याच व्होल्टच्या बॅटऱ्या आधीपासनं आहेत त्याच्यासाठी बेअर टूल म्हणजे दिवाळी सेलमधला सगळ्यात चांगला सौदा, बाकीच्यांनी त्या नादाला लागू नये.

आमचे दाजी न्यू जर्सीला असतात, ते दरवर्षी नोव्हेंबरात होम डेपो ह्या तिथल्या मोठ्या हार्डवेअर दुकानातले फोटो पाठवून जळवतात. तिकडं थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, आणि दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे, पण टूलचे सौदे त्याच्या बऱ्याच आधी चालू होतात म्हणं. तिथली खासियत अशी की बॅटरीचं किट घ्या आणि एक मशीन फुकट न्या. ऐकून आपल्याला वाटतं काय माणसं दानशूर! पण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्याच्या मशीनला बसत नाही, म्हणजे एकदा बॅटरी घेतली की सोयरीक झाली, पुढची सगळी मशीनं त्याच घरातनं करायची. आणि काही ब्रँड तर दुकानाला बांधलेले, अमेरिकेत रायोबी होम डेपोतच मिळणार, कोबाल्ट हा लोज ह्या दुसऱ्या दुकानवाल्यांचा स्वतःचाच. तो फुकटचा ड्रिल असा वसूल होतो.

दाजींना "येताना एक घेऊन या की" म्हणणारे खूप आहेत, म्हणून सांगतो. वायरवालं मशीन तिकडनं अजिबात मागवू नका. तिकडची लाइन १२० व्होल्ट, आपली २३०, नुसता पिन बदलून लावलं की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण हजार वॉटच्या ग्राइंडरला लागणारा ट्रान्सफॉर्मर उचलायलाच एक माणूस लागंल आणि सौद्यातली बचत तिथंच गेली. बॅटरीवालं चालतंय, पण चार्जरच्या मागची चिठ्ठी वाचायला सांगा, १०० ते २४० लिहिलं असेल तरच आपल्याकडं चालणार, नुसतं १२० असेल तर चार्जर इथंच शोधायला लागंल. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायला लागतात, मशीनचं धूड मात्र चेक-इनमध्ये. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी नेहमीच्या नियमात बसते, १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९०, ती बसली. ६ एएच म्हणजे १०८, तिला एअरलाइनला आधी विचारायला लागतं. आणि एवढं करून इथं बिघडलं तर तिकडच्या बिलावर इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटी देईलच असं नाही. माझं मत विचाराल तर दाजींकडनं चॉकलेटच मागवा.

घरगुती कामाला लागतंय काय, हे पण लोक बघत नाहीत. भिंतीला फोटो, गिझर, पडद्याचे रॉड, टीव्हीचं स्टँड. एवढ्याला ५००-६०० वॉटचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल बास झालं, ते व्हेरिएबल स्पीडचं आणि उलट-सुलट फिरणारं असलं म्हणजे स्क्रू पण मारता येतात. विटांच्या भिंतीत लोण्यासारखं जातंय. पण आरसीसी बीम किंवा स्लॅब आला की हे मशीन नुसतं ओरडत बसतं, कारण त्याच्यात दोन दातेरी चकत्या एकमेकांवर घासून बारीक बारीक ठोके देतात, आणि तुम्ही मागनं जेवढा रेटा द्याल तेवढाच ठोका. हॅमर, म्हणजे एसडीएसवालं, त्याच्यात आत पिस्टन असतो, हवेच्या दाबावर ठोका बसतो, तुम्ही नुसतं धरून उभं राहायचं. म्हणून काँक्रीटची भोकं जास्त असतील तर इम्पॅक्ट ड्रिल कितीबी स्वस्त मिळू दे, ते चुकीचंच मशीन. हॅमरला बिट पण वेगळे लागतात, एसडीएसचे, म्हणजे खाचांच्या दांड्याचे, साध्या चकचे बसत नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईला ब्लोअर मात्र मी सगळ्यांना घ्या म्हणून सांगतो. पंख्यावरची धूळ, खिडकीच्या जाळ्या, स्कूटरच्या इंजिनचे कोपरे, कॉम्प्युटरच्या आतलं. बायकोनं आमच्या घरात आजपर्यंत मान्य केलेलं एकमेव पॉवर टूल. फक्त माळ्यावर लावायच्या आधी खालचा स्वयंपाक झाकून ठेवा.

'शंभर पीस किट' हा सेलमधला दुसरा भुलभुलैया. खोकं उघडून मोजा, शंभरात गट्ट्या मोजलेल्या असतात, स्क्रू मोजलेले असतात, एक टेप, एक फोल्डिंग चाकू, आणि भोक पाडायचे बिट म्हणाल तर मोजून चार-सहा, ते पण टोकाला कार्बाइड नावाला लावलेलं. एकदा बीमला टेकवलं की टोक जांभळं पडलं. त्यापेक्षा नुसतं मशीन घ्या आणि ६ अन् ८ एमएमचे चांगल्या कंपनीचे दोन-दोन बिट सुटे घ्या, घरातली सगळी कामं तेवढ्यात निघतात. ग्राइंडरच्या डिस्कला तर मधल्या पत्र्याच्या रिंगवर मुदतीची तारीख छापलेली असते, सेलमध्ये दहाचं पाकीट स्वस्त दिसलं की आधी ती तारीख वाचायची आणि त्याच्यावरचा आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाही ना ते बघायचं. चार इंची ग्राइंडर ११ हजारांच्या आसपास फिरतो, त्या वेगात डिस्क फुटली तर काय होतं ते कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात विचारा. आणि गार्ड काढून त्याला लाकडाचं दातेरी पातं लावणारे महाभाग पण आहेत आपल्यात, त्यांना हात जोडून नमस्कार.

आता कोल्हापूरचा मुद्दा, माझ्या मते ह्यात सगळ्यात महत्त्वाचा. मशीनच्या भावात घासाघीस करून दुकानदार शंभर-दोनशे सोडंल, पण मशीनच्या मागनं जे लागत राहणार, कार्बन (मोटरीत घासून झिजणारे तुकडे), बिट, डिस्क, चकची चावी, त्याच्यात त्याला मार्जिन बरं असतं, म्हणून तिथं तो सैल सोडतो. मी भाव ठरला की मग म्हणतो, "ठीक हाय, ह्याच भावात कार्बनची एक जादा जोडी आणि ६ चा बिट टाका." बहुतेक वेळा टाकतात. धनत्रयोदशी-पाडव्याला काउंटरवर गर्दी असते तेव्हा हे जमत नाही, भाऊबीज उरकली की जावा, दुकानदार निवांत असतो, सणासाठी भरलेला माल थोडा उरलेला असतो, खोक्यावर उत्पादनाचा महिना बघून जुना माल दिसला की आणखी थोडं खाली येतो. वायरवालं मशीन सहा-आठ महिने जुनं असलं तरी काही फरक पडत नाही. बॅटरीवालं मात्र जुनं नको, बॅटरी खोक्यात पडून पण म्हातारी होते.

आणि दुरुस्ती. आपल्या गावात फाउंड्र्या, मशीन शॉप एवढे की आर्मेचर वाइंडिंग, म्हणजे मोटरीची जळलेली तार नव्यानं गुंडाळून देणारा, बेअरिंग बदलून देणारा गल्लीबोळात सापडतो. चालू कंपनीचं मशीन असेल तर कार्बन लगेच मिळतो, अनोळखी ब्रँडचा मिळाला नाही तर मिस्त्री मोठा कार्बन पॉलिश पेपरवर घासून बसवून देतो, पण गिअर फुटला की मग तो पण हात टेकतो. म्हणून घ्यायच्या आधी दुरुस्तीवाल्याला विचारायचं की ह्याचे पार्ट मिळतात का, विकणाऱ्याला नाही विचारायचं. बाय द वे, लई जणांना माहीत नसतं, केपीटी म्हणजे पूर्वीची कुलकर्णी पॉवर टूल्स ही आपल्याच जिल्ह्यातली, शिरोळची, १९७६ पासनंची कंपनी. आणि जुने मिस्त्री अजून हिताची हिताची म्हणतात ते २०१८ पासनं हायकोकी झालंय, नाव वेगळं दिसलं म्हणून डुप्लिकेट समजून परत देऊ नका.

राहिला हॅमर. घरातल्या चार भोकांसाठी तो विकत घेऊच नका, सेल असो नसो, दिवसाच्या भाड्यानं मिळतो. आधार कार्डाची झेरॉक्स आणि थोडं डिपॉझिट ठेवायला लागतंय, बिट आपला न्यायचा. फक्त सकाळी लवकर जावा, उशीर केला की चांगले हॅमर गवंड्यांनी उचलून नेलेले असतात.