सतरा राणीछाप आणि तिसरा ठिपका

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर दरवर्षी सतरा राणीछाप रुपये, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेले चांदीचे रुपये, मांडले जातात. पणजी सोलापुरात नांदायला आली तेव्हा तिने बरोबर आणलेले हे रुपये आजीकडून आईकडे आले, आणि सर्वांवर १८६२ हेच साल असल्यामुळे ते एकाच वर्षी पाडलेले असावेत अशी आमची समजूत होती. तीन वर्षांपूर्वी पूजेनंतर ते डबीत ठेवताना दोन रुपयांवर सालाखालचे ठिपके मला वेगवेगळे दिसले, आणि तेथून सुरू झालेले काम पुरे व्हायला जवळजवळ वर्ष लागले.

सराफ बाजारातील ओळखीच्या काकांना मी प्रथम विचारले. "अहो, हे तोळ्यावर जातात, ठिपके कोण बघतो?" असे ते म्हणाले; पण वजनकाटा त्यांनी आनंदाने पुढे केला. या रुपयाचे मूळ वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि जुना तोळाही तेवढ्याचाच. सोळा रुपये झीज धरून ११.४ ते ११.६ ग्रॅमच्या दरम्यान भरले, सतरावा मात्र जेमतेम १० ग्रॅम. त्याचा पृष्ठभाग रवाळ होता आणि कडेच्या दात्यांमधून एक बारीक सांधा फिरलेला होता, म्हणजे तो टांकसाळीत ठसा मारून पाडलेला नव्हता, ओतीव नकली होता. एक रुपया हरवल्यावर आजीने बाजारातून भर घातली होती, हे आईला तेव्हा आठवले.

उरलेल्या सोळांची गोष्ट मला वाचनातून कळत गेली. चांदीच्या रुपयावरचे १८६२ हे साल १८७३ पर्यंत गोठवलेले होते. नवे साल १८७४ पासून येऊ लागले. या काळात मुंबईच्या टांकसाळीने मागील बाजूवर, सालाच्या खाली आणि काही वेळा 'वन' या शब्दाच्या वर, ठिपके दिले, आणि ते वर्षागणिक बदलत गेले असे अभ्यासक मानतात. शिवाय राणीच्या वस्त्रावरील नक्षीत आणि वरच्या फुलाच्या पाकळ्यांतही फरक आहेत. एकाच सालाच्या नाण्यात एवढे प्रकार दडलेले असतात, हे कळल्यावर मला त्या डबीकडे पूर्वीसारखे पाहणे शक्यच नव्हते.

अडचण कुंकवाची होती. कित्येक वर्षांचे हळदकुंकू आणि दूध ठिपक्यांच्या भोवती घट्ट बसले होते, आणि ज्यांना पूर्वी रिठ्याने व पावडरीने घासले होते त्यांचे ठिपके निम्मे झिजले होते. मी घासणे पूर्णपणे बंद केले. रुपये डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवले, पाणी दररोज बदलले आणि ते मऊ कापडावर नुसते टिपून वाळवले. आठवडाभरात बहुतेक थर सुटला. जुन्या नाण्याची काळसर झाक ही घाण नसते, ती राहू द्यावी, हे येथे आवर्जून सांगतो.

भिंगाखाली नाणे धरून दिवा एका बाजूने, अगदी तिरका लावला की उंचवटा आणि खळगा वेगळे ओळखू येतात, आणि या छंदातील बहुतेक निर्णय त्यावरच होतात. नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या साच्याला तडा गेला तर धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. नाण्याला नंतर पडलेला ओरखडा मात्र आत खचलेला असतो. हे न कळल्यामुळे मी पूर्वी एका आठवडी बाजारात फसलो होतो. कंपनी सरकारच्या १८३५ सालच्या पाव आण्यावर एका बाजूचे चित्र उलटे आणि खोल उमटले होते, म्हणून विक्रेत्याने तो 'लाखी' सांगून विकला. खरी लाखी तेव्हा होते जेव्हा पाडलेले नाणे साच्याला चिकटून राहते आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच ठसा उमटतो. माझ्या पाव आण्यावर उलट्या चित्राखाली मूळ अक्षरांचे अवशेष होते आणि दुसरी बाजू चेपलेली होती. तो दुसऱ्या नाण्याबरोबर शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडयंत्रात, दाबून केलेला होता.

सोळापैकी पंधरा रुपये अशा रीतीने मार्गी लागले. एकावर मात्र सालाखाली तीन ठिपके दिसत होते. दोन गोल, सारख्या उंचीचे; तिसरा किंचित मोठा, वेडावाकडा, आणि त्याच्यापर्यंत आलेली एक उंच रेघ. तो उंच असल्यामुळे नंतरची इजा नव्हती, परंतु कारागिराने मुद्दाम दिलेला ठिपका म्हणायलाही मन धजत नव्हते. एका नाण्यावरून याचा निकाल लागत नाही, त्यासाठी त्याच साच्यातून निघालेला दुसरा रुपया लागतो.

तो मला पुण्याच्या नाणे प्रदर्शनात मिळाला. एका वृद्ध विक्रेत्याने १८६२ चे चाळीसेक रुपये माझ्यासमोर ठेवले आणि दिवसभर पाहू दिले. दुपारी तीनच्या सुमारास हाती आलेल्या एका रुपयावर तीच रेघ, '२' या आकड्यापाशी तेथूनच निघालेली, पण निम्म्या लांबीची होती; तिच्या पुढे कोरी जागा होती आणि खाली फक्त दोन ठिपके होते. तो रुपया आमच्या रुपयाच्या आधी पाडलेला होता. नंतर तडा वाढत गेला, त्याच्या टोकाशी साच्याचा कपचा उडाला, आणि आमचा रुपया पाडला गेला तेव्हा त्या खळग्यात शिरलेली चांदी तिसरा ठिपका होऊन बसली. नवा प्रकार मिळाला नाही, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही, कारण दीडशे वर्षांपूर्वी एक साचा हळूहळू कसा फुटत गेला हे त्या दोन रुपयांत मला क्रमाने दिसले होते. तो रुपया मी विकत घेतला.

आता डबीत पुन्हा सतरा रुपये आहेत, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात, वर ठिपक्यांची संख्या आणि वजन लिहिलेले. या दिवाळीत आईने ते चौरंगावर तसेच पाकिटांसह मांडले आणि हळदकुंकू शेजारच्या सुपारीला वाहिले.